सत्तरच्या दशकातले भयपट : आजही टरकवणारा कोणता?

निशाचर_७९ (धागालेखक)

मंडळी,

आवडत्या भयपटांची यादी करायला बसलं की निम्मी यादी आठवणींचीच होते. शाळकरी वयात चादरीच्या फटीतून पाहिलेला सिनेमा जन्मभर भयंकर वाटत राहतो, मग तो कितीही सुमार का असेना. म्हणून या धाग्याला एक अट. १९७० ते १९७९ मधला असा भयपट सांगा, जो मोठेपणी नीट डोळे उघडे ठेवून पाहिलात आणि तरी अंगावर आला. नुसतं नाव टाकून पळू नका. नेमकी कुठे टरकली ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. 'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३). हिरवी उलटी, गरागरा फिरणारी मान वगैरे प्रकारांवर इतके विनोद झालेत की आता त्यांची भीती उरलेली नाही. मला आजही बघवत नाही तो प्रसंग हॉस्पिटलातला आहे. सैतानाने झपाटलेल्या रेगन या पोरीच्या मेंदूत काही बिघाड आहे का ते बघायला तिची अँजिओग्राफी करतात. मानेत सुई जाते, रक्ताची चिळकांडी उडते आणि मग ते यंत्र धाडधाड आवाज करायला लागतं. भूत नाही, पार्श्वसंगीत नाही. पांढरी खोली, आपापल्या कामात गढलेली माणसं आणि टेबलावर जखडलेली पोर.

माझ्या मते या दशकाची खरी ताकद इथे आहे. डॉक्टर येतात, पोलीस येतो, पाद्री येतो. कुणी कामात कसूर करत नाही, आणि तरी कुणाचं काही चालत नाही. त्याआधीच्या भयपटात छातीत खुंटी ठोकली की विषय संपायचा आणि प्रेक्षक निवांत घरी जायचा. सत्तरच्या दशकात शेवटी घडी बसतच नाही.

ता. क. : 'सायको' १९६० चा आणि 'द शायनिंग' १९८० चा. दोन्ही इथे चालणार नाहीत.

काळा_बोका

शायनिंग.

निशाचर_७९

बोकोबा, ता. क. कुणासाठी लिहिला होता?

काळा_बोका

दशक १९७१ ला सुरू होऊन १९८० ला संपतं. इसवी सनात शून्य साल नाही. गणित कच्चं असलं की धागे असे निघतात. शायनिंग, हॉटेलचा कॉरिडॉर, तीनचाकी सायकल. गालिच्यावरून जाताना चाकांचा आवाज बंद होतो, लाकडी फरशीवर आला की पुन्हा सुरू होतो. माझी टरकली ती तिथे. झालं समाधान?

खडूस_काकू

धागा निघून तासही झाला नाही आणि कॅलेंडरावर भांडण सुरू. चालू द्या.

नाडीपरीक्षा

निशाचर, अँजिओग्राफीच्या प्रसंगाला शंभर टक्के अनुमोदन. व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे मला तो जरा जास्तच लागतो. त्या काळी गळ्याच्या धमनीत थेट सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचे, ती खरीच पद्धत होती. तो धाडधाड आवाजही अस्सल आहे, एकापाठोपाठ एक क्ष-किरण फिल्म बदलणाऱ्या यंत्राचा. डोक्याचं सीटी स्कॅनिंग १९७१ मध्ये नुकतं सुरू झालं होतं, ते सगळीकडे पोचायला वेळ लागला. आता बहुतेक वेळा मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी वर नेतात.

पण तुमच्या 'कुणाचं काही चालत नाही' या सिद्धांताला हाच सिनेमा छेद देतो की! शेवटी मुलगी बरी होते. किंमत मोजावी लागते, पण सैतान जातो. लेखक विल्यम पीटर ब्लॅटी स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, आणि त्याच्या दृष्टीने ही श्रद्धेच्या विजयाची गोष्ट होती. त्याला पटकथेचं ऑस्करही मिळालं.

तिरपागडे

नाडीपरीक्षा यांना +१. 'जॉज'मध्ये शार्क मरतो. 'एलियन'मध्ये नायिका रिप्ली वाचते, वर मांजरही वाचतं. 'सस्पिरिया'त म्हातारी चेटकीण खलास आणि शाळेला आग. धागालेखकाने आधी सिद्धांत शिवला आणि मग त्यात सिनेमे कोंबले असं दिसतंय.

निशाचर_७९

तिरपागडे, 'ओमेन' (१९७६) मध्ये कोण वाचतं? 'हॅलोवीन' (१९७८) मध्ये गोळ्या खाऊन सज्जावरून पडलेला माणूस जागेवर सापडतो का? 'विकर मॅन', 'डोन्ट लुक नाऊ', 'बॉडी स्नॅचर्स'? यादी माझ्या बाजूनेही लांबलचक आहे.

तिरपागडे

ठीक. सामना बरोबरीत.

मृगजळ

रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहिते.

माझं उत्तर 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४). मी तो बरीच वर्षं टाळला, कारण नाव. वाटायचं, रक्ताचा पाट असणार. प्रत्यक्षात पडद्यावर रक्त फारच थोडं आहे. दिग्दर्शक टोबी हूपरला तर आशा होती की लहान मुलांना पालकांबरोबर बघता येईल असं सौम्य प्रमाणपत्र मिळेल! मिळालं नाही अर्थात. ब्रिटनमध्ये या सिनेमाला रीतसर प्रमाणपत्र मिळायला १९९९ उजाडावं लागलं.

प्रसंग म्हणाल तर पहिला खून. भर दुपार. एक पोरगा पेट्रोल मागायला एका घरात शिरतो. कॅमेरा लांबच उभा. दारात एक आडदांड माणूस अचानक प्रकटतो, डोक्यात एक घाव घालतो, पोरगा खाली पडून पाय झाडायला लागतो, त्याला फरपटत आत ओढतो आणि लोखंडी सरकतं दार धाडकन बंद. संपलं. आधी संगीत वाढत गेलेलं नाही, सावली सरकलेली नाही, 'आता काहीतरी होणार' अशी वर्दी नाही. पुढचे काही क्षण मी त्या बंद दाराकडेच बघत होते. आत नक्की काय घडलं ते कळायला मेंदूला वेळ लागतो, आणि तोवर त्याची मैत्रीण त्याच घराकडे चालत निघालेली असते.

शेवटचा जेवणाचा प्रसंग टेक्सासच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकून, सलग सव्वीसएक तास चित्रित केला. टेबलावरचं मांस आणि हाडं खरी होती आणि दिव्यांच्या उष्णतेने कुजत होती. नायिका मॅरिलिन बर्न्सच्या किंकाळ्यांत अभिनय किती आणि वैताग किती, देव जाणे.

घाबरट

मृगजळताई, तुमचा प्रतिसाद वाचूनच माझं भागलं. सिनेमा बघायची गरज उरली नाही. आभार.

ध्वनिवेडा

कुणीच आवाजाबद्दल लिहीत नाहीये (सायकलवाला बोका सोडून, आणि तो अपात्र आहे), म्हणून लिहितो. ध्वनिमुद्रणात काम करतो, त्यामुळे माझे कान आधी घाबरतात, डोळे नंतर.

'हॅलोवीन' घ्या. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने संगीताशिवायची आवृत्ती एका मोठ्या स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवली. त्यांना काडीची भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच संगीत केलं. पाचाच्या हिशोबाने चालणारी पियानोची ती धून. हा ठेका त्याच्या वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवला होता. आपल्या कानाला चाराची सवय असते. पाचव्या ठोक्याला पाय अडखळतो आणि तोवर धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली असते. तुम्ही कायम एक पाऊल मागे. सिनेमाभर तो मुखवटेवाला चालतच असतो, कधी धावत नाही, तरी वाटत राहतं की तो आपल्याला गाठणार. ते काम निम्मं त्या ठेक्याचं आहे.

'सस्पिरिया' (१९७७) बरोबर उलट. तिथे गॉब्लिन या बँडचं संगीत आधीच तयार होतं आणि दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो ते चित्रीकरणाच्या वेळी सेटवर मोठ्याने वाजवायचा. कुजबुज, ढोल, तारा, सगळं अंगावर ओतलेलं. संगीतच सांगतं, 'चेटकीण!' लपवाछपवी नाही. आणि तरी भीती वाटते.

'एक्सॉर्सिस्ट'ला ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीचा. घसा खरवडून निघावा म्हणून कच्ची अंडी गिळणं, सिगरेटी ओढणं असले प्रकार केले बाईंनी. आणि सुरुवातीच्या प्रिंट्सवर त्यांचं नावच नव्हतं! भांडून घ्यावं लागलं.

तेव्हा माझं मत : आवाज बंद करून बघितला आणि तरी भीती वाटली तर तो सिनेमा महान. या कसोटीला माझ्या माहितीत एकच उतरतो, 'डोन्ट लुक नाऊ'. त्यावर दुसरं कुणी लिहा, बोटं दुखली.

सावळाराम

लिहितो.

निकोलस रोगचा 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३). डाफ्ने द्यू मॉरिएच्या कथेवरून. सुरुवातीची सात-आठ मिनिटं बघा. बाप घरात बसून चर्चच्या स्लाइड्स बघतोय, बाहेर तळ्याकाठी लाल रेनकोट घातलेली मुलगी खेळतेय. त्याच्या हातून पाणी सांडतं आणि स्लाइडवरचा लाल रंग ओघळायला लागतो. काहीही कळलेलं नसताना तो उठतो आणि बाहेर धाव घेतो. उशीर झालेला असतो.

पुढचा सगळा सिनेमा हिवाळ्यातल्या व्हेनिसमध्ये. बंद हॉटेलं, ओल्या भिंती, कुठल्यातरी पुलावर क्षणभर दिसणारं लाल काहीतरी. भूत आहे की नाही हा प्रश्नच नाही. बापाला भविष्य दिसतंय आणि ते त्याला ओळखता येत नाहीये, ही खरी भीती. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कंटाळलो होतो. लग्न झालं, मुलगी झाली, मग पाहिला, आणि सुरुवातीलाच बंद करावा लागला. तेव्हा निशाचर यांची अट मला जरा उलटी वाटते. काही सिनेमे लहानपणी लागतच नाहीत. ते आपलं वय वाढायची वाट बघत बसलेले असतात.

मृगजळ

सावळाराम, अगदी अगदी. 'ओमेन'चंही माझं तसंच झालं. पूर्वी बघताना त्या काचेच्या तावाने मुंडकं उडतं तेवढंच लक्षात राहिलं होतं. आता बघताना ग्रेगरी पेक आपल्याच मुलाचे केस कापून टाळूवरची सैतानाची खूण शोधतो तो प्रसंग असह्य झाला. खूण सापडू नये असं त्याला वाटत असतं, आणि आपल्यालाही.

ध्वनिवेडा

आणि 'ओमेन'चं संगीत! जेरी गोल्डस्मिथला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं ते याच सिनेमासाठी. चर्चमधल्या समूहगानाचा घाट, शब्द मात्र सैतानाच्या स्तुतीचे. बरं, गप्प बसतो.

नवा_गडी

राग मानू नका, पण मी विशीतला माणूस आहे आणि या धाग्यातले तीन सिनेमे बघून झालेत. तिन्ही वेळा झोप लागली. 'एक्सॉर्सिस्ट'मध्ये तो म्हातारा पाद्री दारात येऊन उभा राहतो तोवर दीड तास उलटलेला असतो! तोवर काय? आई पार्टी देते, तरुण पाद्री आपल्या आईला भेटायला जातो, पोलीस सिनेमाच्या गप्पा मारतो. तुम्हाला भीती वाटते कारण तुम्ही ठरवून बसलाय की वाटणार. शिवाय 'हॅलोवीन'मध्ये तीन सेकंदांत लावता येणारा फोन कुणाच्या खिशात नाही. मोबाइल असता तर निम्मे सत्तरचे भयपट दहा मिनिटांत आटोपले असते.

खडूस_काकू

बाळा, झोप लागली म्हणजे तब्येत चांगली आहे.

तिरपागडे

नव्या गड्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. दीड तास लागतो हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की तो दीड तास फुकट जातो का. तरुण पाद्र्याची आई एकटी मरते, त्याला अपराधी वाटतं, आणि शेवटी सैतान नेमका तिच्याच आवाजात बोलतो. आधीचा संथ भाग कापला तर त्या वाक्याला काय धार उरणार?

आणि मोबाइलचं म्हणाल तर 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) बघ. बॉब क्लार्कचा कॅनडातला सिनेमा, 'हॅलोवीन'च्या चार वर्षं आधीचा. मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येतात. पोलीस फोन कुठून येतोय ते शोधायचं ठरवतात. आता हे शोधायचं कसं? टेलिफोन एक्सचेंजमध्ये एक माणूस खडखडणाऱ्या यंत्रांच्या रांगांमधून अक्षरशः पळत सुटतो, एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत, कुठली जोडणी कुठे जाते ते डोळ्यांनी बघत. तिकडे मुलीने फोन धरून ठेवायचा, जितका जास्त वेळ ऐकत राहील तितकं बरं. म्हणजे वाचायचं असेल तर त्या किळसवाण्या आवाजाला कान द्यायचा. तुझ्या मोबाइलने हा सगळा ताण घालवला, मान्य. पण सिनेमाचं नुकसानच केलं की त्याने.

आणि फोन कुठून येतोय हे कळतं तेव्हा... जाऊ दे, बघ तू.

घाबरट

फोन वरच्या मजल्यावरून येतोय ना?

तिरपागडे

घाबरट!! रहस्यभेद लिहिण्याआधी सूचना द्यायची असते हो.

घाबरट

पन्नास वर्षांनी कसली सूचना. टायटॅनिक बुडतं हेही सांगू नको का?

खडूस_काकू

ठ्ठो!

पडद्यामागे

आता थोडी माहितीची भर, कारण भयपटांचं निम्मं सुख ते बनवले कसे यातच आहे.

'हॅलोवीन'चा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा दुकानी मुखवटा. दोन डॉलरच्या आतबाहेर किंमत. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. गोष्ट इलिनॉयमधली, ऑक्टोबरातली, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात. मग वाळकी पानं कागदी, रंगवलेली. एका दृश्यात उधळायची आणि पुढच्यासाठी पुन्हा गोळा करायची. काही चौकटींत मागे हिरवेगार पाम दिसतात, इलिनॉयमध्ये!

'विकर मॅन'चं उलटं. गोष्ट मे महिन्याच्या सणाची, चित्रीकरण स्कॉटलंडमध्ये थंडी पडायला लागल्यावर. झाडांना खोटा मोहर चिकटवला आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून कलाकारांनी बर्फ चघळला. आणि 'एक्सॉर्सिस्ट'मध्ये वाफ दिसायला हवी म्हणून बेडरूमचा सेट शीतगृहासारखा गोठवला. एकाच सालचे दोन सिनेमे, वाफेच्या दोन तऱ्हा.

'कॅरी' (१९७६) चा शेवट. एमी अर्विंग फुलं घेऊन थडग्याकडे चालत येते, ते दृश्य उलटं चित्रित केलंय. ती मागे मागे चालली आणि फिल्म उलटी फिरवली. म्हणून त्या चालीत काहीतरी विचित्र वाटतं. मागच्या रस्त्यावर नीट बघा, एक गाडी उलटी जाताना दिसेल. आणि दगडांतून बाहेर येणारा हात कॅरी झालेल्या सिसी स्पेसेकचाच. दुसऱ्या कुणाचा हात वापरायला तिने नकार दिला आणि स्वतःला गाडून घेतलं.

नवा_गडी

'कॅरी'चा तो हात मात्र मानला. बसल्या जागी उडालो होतो. पण ते दचकणं झालं, भीती नाही, असं आता कुणीतरी म्हणेलच.

सावळाराम

म्हणतोच. :) दचकणं पडद्यावर संपतं. भीती तुमच्याबरोबर झोपायला येते.

मुद्देसूद

काही सूत्रबद्ध आक्षेप.

'सत्तरच्या दशकात सूचकतेने घाबरवत' ही समजूत या धाग्यात हळूहळू पक्की होत चालली आहे. रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) पाहिलाय का कुणी? मेकअपवाल्या टॉम सॅव्हिनीने केलेली कमाल : डोकी फुटतात, लचके तोडले जातात, आतडी बाहेर. सूचक काहीच नाही. रक्ताचा रंग तर चक्क पोस्टर रंगासारखा. तरीही तो दशकातल्या सर्वोत्तम भयपटांपैकी एक आहे, कारण मेलेली माणसं उठून मॉलमध्ये का येतात याचं उत्तर. सवय म्हणून. जिवंत असताना हीच जागा महत्त्वाची होती म्हणून. सरकत्या जिन्यावर धडपडणारी, काचेला नाक लावून उभी असलेली प्रेतं. मी हसलो आणि मग हसू थांबलं. चित्रीकरण पिट्सबर्गजवळच्या खऱ्या मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्रभर, आणि पहाटे मॉलचं संगीत आपोआप सुरू झालं की काम थांबवायचं.

'एलियन' (१९७९) मध्येही छाती फोडून बाहेर येणारं ते पिल्लू अगदी भगभगीत उजेडात, जेवणाच्या टेबलावर दाखवलंय. कलाकारांना काय होणार ते माहीत होतं, रक्त किती उडणार ते नव्हतं. व्हेरोनिका कार्टराइटच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बरंचसं खरं आहे.

म्हणजे दाखवणं-न दाखवणं हा निकष नाही. किती वेळाने आणि कुठे दाखवलं, तो आहे.

पडद्यामागे

मुद्देसूद, थोडी पुस्ती. 'जॉज'मध्ये शार्क न दाखवणं ही कला कमी आणि नाइलाज जास्त. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडायचा. मग पिवळी पिंपं, तुटलेला धक्का, पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे दोन सूर. पूर्ण शार्क तासाभराहून जास्त वेळ दिसतच नाही. यंत्र धड चाललं असतं तर कदाचित साधा समुद्री धाडसपट बघायला मिळाला असता.

काळा_बोका

जॉज भयपट आहे का पण? मग डिस्कव्हरी चॅनलही भयपट.

निशाचर_७९

पहिल्या प्रसंगात रात्री पोहणारी मुलगी इकडून तिकडे ओढली जाते ते बघून समुद्रात पाय घालून दाखव. मग बोलू.

गोदाक्का

सगळे परदेशी सिनेमेच चाललेत, म्हणून आठवण करून देते. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा' याच दशकातला. वसंत जोगळेकरांचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. सुधीर मोघ्यांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाणी एवढी गोड की आजही कार्यक्रमांतून म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतल्या अर्ध्यांना ती भयपटातली आहेत हे ठाऊक नसतं. अटीत बसतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर आज बघताना घाबरले नाही. पण शीर्षकगीत अंधारात एकटीने ऐकून बघा.

तिरपागडे

गोदाक्का, हिंदीचंही नाव निघू द्या मग. रामसे बंधूंची गाडी याच दशकात सुरू झाली, 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२). एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीला, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शनाला. घरचीच टोळी. आणि १९७९ चा 'जानी दुश्मन'! लाल पोशाखातली नवरी दिसली की केसाळ राक्षस हजर. अख्खी तारकांची फौज आणि त्यात तो राक्षस. भीती शून्य, करमणूक ठासून.

खडूस_काकू

जानी दुश्मनला हसू नका. ती वरात बघून त्या काळात लाल शालूला नाही म्हणणाऱ्या मुली निघाल्या असतील.

मुद्देसूद

विदा (डेटा)?

खडूस_काकू

मीच. आता गप्प.

विक्षिप्ता

अजून कुणी जपानकडे वळलेलं नाही? नोबुहिको ओबायाशीचा 'हाउस' (१९७७). सात मैत्रिणी एका मावशीच्या घरी सुट्टीला जातात आणि घर त्यांना एकेक करून खातं. शब्दशः. पियानो एका मुलीला बोटांपासून खायला सुरुवात करतो आणि ती चक्क कुतूहलाने बघत राहते. ओबायाशी जाहिरातपट करणारा माणूस. त्याने आपल्या शाळकरी मुलीला विचारलं की तुला कशाची भीती वाटते, आणि तिच्या उत्तरांवर सिनेमा रचला. म्हणून तो इतका सैरभैर आहे. मोठ्या माणसाला सुचतील अशा या भीती नाहीतच.

घाबरले का? अर्धा वेळ हसत होते. पण त्या रात्री आरशासमोर उभी राहून केस विंचरले नाहीत.

ध्वनिवेडा

आरसा म्हणालात म्हणून. (घाबरट, कृपया पुढचं फोडू नका.) आर्जेंतोचा 'डीप रेड' (१९७५). नायक खून झालेल्या घरात चित्रांनी भरलेल्या बोळातून धावत जातो. नंतर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र गायब झालंय. सिनेमाभर तो ते चित्र शोधतो. शेवटी उलगडा होतो तेव्हा मागे जाऊन ते दृश्य पुन्हा बघा. उत्तर आपल्या डोळ्यांसमोरून गेलेलं असतं, कॅमेऱ्याने काहीही लपवलेलं नसतं. मी चिडलोच होतो. इतका उघड दाखवूनही दिसला नाही!

नाडीपरीक्षा

हे भारी आहे. माणूस बघतो डोळ्यांनी, पण ओळखतो अपेक्षेने. रोजच्या कामात एक्स-रे बघताना आम्हाला हीच धास्ती असते.

नवा_गडी

धाग्याला मान देऊन 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९७८) काल रात्री बघितला. झोपलो नाही. दोन्ही अर्थांनी.

सुरुवातीला वाटलं, परग्रहावरच्या शेंगा माणसांची नक्कल करतात, हा काय बालिशपणा. पण हळूहळू मागची माणसं खटकायला लागली. पुढे नायक-नायिका बोलतायत आणि मागे काचेपलीकडे कुणीतरी उगाच पळतंय, कुणीतरी एकटक बघतंय. कचऱ्याच्या गाडीत राखाडी लोकरीसारखं काहीतरी भरतायत आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. मी दोनदा मागे नेऊन बघितलं. सिनेमा ज्याकडे बोट दाखवतच नाही ते बघण्यात माझा सगळा जीव गुंतला. आणि शेवटचा तो डोनाल्ड सदरलंड... निशाचरकाका, तुमच्या अटीत बसतो हा. पहिल्यांदाच पाहिला, आजच्या डोळ्यांनी, आणि घाबरलो.

तरी 'एक्सॉर्सिस्ट' संथच आहे.

निशाचर_७९

काका?!

बाकी हे वाचून धागा काढल्याचं चीज झालं. माझा सिद्धांत तिरपागडे आणि नाडीपरीक्षा यांनी बराच फाडला, पण नव्या गड्याचं उदाहरण माझ्या बाजूने मोजतो. तिथेही मनोविकारतज्ज्ञ आहे, समजूतदार आहे, 'तुला भास होतोय' असं शांतपणे समजावतो. आणि तोच...

घाबरट

...त्यांच्यातला असतो.

तिरपागडे

याला कुणीतरी आवरा.

मृगजळ

दूरचित्रवाणीसाठी बनलेले चालतात का हो? हूपरचाच 'सेलम्स लॉट' (१९७९). रात्री खिडकीबाहेर धुक्यात तरंगत आलेला लहान मुलगा, हसतोय आणि नखाने काच खरवडतोय. आत त्याचाच भाऊ. आणि तो उठून खिडकी उघडतो, कारण बाहेर भाऊ आहे.

विक्षिप्ता

चालतात! मग स्पीलबर्गचा 'ड्युएल' (१९७१) पण घ्या. ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत नाही. बूट आणि हात, बस्स.

सावळाराम

'डॉन ऑफ द डेड' बघायचाय या आठवड्यात. दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या दिसतायत. मुद्देसूद, कुठली आधी?

मुद्देसूद

रोमेरोची चित्रपटगृहातली, दोन तास सात मिनिटांची. आर्जेंतोने युरोपसाठी वेगळं संकलन केलं होतं, ते आटोपशीर आहे, गॉब्लिनचं संगीत त्यात जास्त आहे आणि विनोद कमी. ध्वनिवेडा यांना तेच आवडेल. तुम्ही आधी विनोदासकट बघा.

ध्वनिवेडा

आर्जेंतोचीच बघा हो. हेडफोन लावून.

मुद्देसूद

नको.